भावोजींचा धूर

आमच्या भावोजींसमोर ‘बार्बेक्यू’ हा शब्द जपून वापरावा लागतो. ह्यूस्टनला ताईकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मराठी मंडळींची सहल होती. बागेतल्या जाळीवर कोणीतरी कणसं आणि चिकनचे तुकडे भाजत होतं. मी सहज म्हणालो, “वा, बार्बेक्यू फक्कड जमलाय!” भावोजींनी हातातली प्लेट खाली ठेवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. ताई पुटपुटली, “झालं. आता जेवण गार होणार.”

“एक मिनिट,” भावोजी म्हणाले. त्यांचं प्रत्येक व्याख्यान या एका मिनिटानेच सुरू होतं. “हे ग्रिलिंग आहे. पापड विस्तवावर भाजतात, बासुंदीही विस्तवावरच आटवतात. म्हणून पापडाला कोणी बासुंदी म्हणतं का?”

मी नाही म्हणालो. तरी व्याख्यान झालंच. ग्रिलिंग म्हणजे खाली रसरशीत निखारे, वर जाळी, आच साडेचारशे-पाचशे फॅरनहाइट. पातळ तुकडा टाकायचा, उलटायचा, उचलायचा. दहा मिनिटांत खेळ खलास. बार्बेक्यूत विस्तव एका कोपऱ्यात, मांस दुसऱ्या कोपऱ्यात, वर घट्ट झाकण. आच जेमतेम सव्वादोनशे ते अडीचशे. काम धुराने करायचं आणि वेळाने. चिवट मांसातलं कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला हवं, आणि ते कोणाच्या घाईने होत नाही. शेजारच्या गृहस्थांचं गॅसवरचं चकचकीत यंत्र भावोजींच्या हिशेबी कशातच बसत नाही. “ती अंगणात आणून ठेवलेली शेगडी आहे,” ते म्हणतात. शेजाऱ्यांकडून मात्र दर रविवारी पंधरा मिनिटांत सॉसेजचा घमघमाट येतो, आणि भाचरं कुंपणापाशी जाऊन उभी राहतात.

भावोजींचा बार्बेक्यू रात्री दोनच्या गजराने सुरू होतो. पोस्ट ओकची लाकडं ते एकमेकांवर आपटून, नारळ वाजवून बघावा तशी कानाने पारखतात. खणखणीत वाजलं ते सुकलं. मग काळ्या लोखंडी पिंपाशेजारी खुर्ची, खुर्चीत भावोजी, हातात थर्मामीटर. धूर निळसर आणि विरळ हवा. पांढरा आणि दाट निघाला की ते घरात आजारी माणूस असल्यासारखे फेऱ्या घालतात. झाकणाला कोणी हात लावायचा नाही. मी एकदा लावला होता. “पंधरा मिनिटं गेली,” एवढंच म्हणाले. पण ताई सांगते, पुढे आठवडाभर ते हिशेब करत होते.

हा तोच माणूस, ज्याने आयुष्यात कधी लोकल थांबायची वाट पाहिली नाही. दादर यायच्या आधीच यांचा एक पाय बाहेर. चहा उकळायच्या आत गाळायला लावायचे. स्वतःच्या लग्नात भटजींना “जरा आटपा” म्हणालेले आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. टेक्ससने त्यांना बसायला शिकवलं, असं ताईचं मत आहे. “माझ्याशेजारी मात्र दहा मिनिटं बसत नाहीत,” हेही ती त्याच दमात सांगते.

चार जुलैला त्यांनी वीस माणसं एक वाजता जेवायला बोलावली. चार किलोंचा पोर्क शोल्डर पहाटेपासून पिंपात होता. साडेअकराला मांसाचा पारा एकशे साठला पोचला आणि तिथेच बसला. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले, पारा हलेना. पाहुणे चिप्स खाऊन घड्याळं बघायला लागले. भावोजी अतिशय खुशीत. “माठातलं पाणी गार कसं राहतं? बाहेर पाझरतं, वाफ होते, गारवा येतो. तसंच मांसालाही आत्ता घाम फुटलाय. जेवढी आच लागते, तेवढी वाफेवर जाते. तो वाळला की पारा आपोआप चढेल.” “मग दोनशे झाल्यावर जेवायचं का?” एका काकूंनी विचारलं. “नंतर तासभर मुरू द्यायचं,” भावोजी म्हणाले. ताईने कुकर लावला. त्या दिवशी वीस माणसं मुगाची खिचडी जेवली, आणि सहा वाजता ते मांस पानात पडलं तेव्हा हाड नुसतं बोटाने ओढून निघालं. काकूंनी तीनदा घेतलं, हेही लिहायला हवं.

ह्यूस्टनपासून तीनेक तासांवर लॉकहार्ट नावाचं गाव आहे. टेक्ससच्या विधिमंडळाने १९९९ साली ठराव करून त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हटलं. भावोजी तिथे वारी केल्यासारखे जातात आणि कपड्यांचा वास आठवडाभर जाऊ देत नाहीत. भाचीने एकदा पुस्तकात बघून सांगितलं, की हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश लोकांनी त्याचं बार्बाकोआ केलं, आणि त्याचा अर्थ नुसती काठ्यांची माचण. “म्हणजे बाबा, तुमचा बार्बेक्यू मुळात जाळीच!” भावोजी दोन दिवस तिच्याशी मोजकं बोलत होते.

पुण्यात आले तेव्हा टेबलाच्या मधोमध शेगडी बसवणाऱ्या हॉटेलात आम्ही त्यांना नेलं. ती आमची चूक. वेटरला त्यांनी “एक मिनिट” म्हटलं. पोराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, अननस अजून आणू?”

गेल्या जानेवारीत अलिबागजवळ चुलतभावाच्या वाडीवर पोपटी होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, ओवा, खडेमीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं पालथं घातलं आणि भोवती पालापाचोळा पेटवला. भावोजी खिशातलं थर्मामीटर काढून मडक्याला भोक शोधत होते. अर्ध्या तासाने भावाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र आवाज आला, तो म्हणाला, “झाली.”

“भावोजी, हे ग्रिलिंग की बार्बेक्यू?” मी विचारलं. त्यांच्या तोंडात शेंग होती. त्यांनी हातानेच एक मिनिट दाखवलं आणि दुसरी शेंग उचलली. ते मिनिट अजून संपलेलं नाही. थर्मामीटर मात्र वाडीवरच राहिलंय. ह्यूस्टनला जाणारं कोणी असेल तर कृपया कळवा.