रुंदीचे स्थैर्यशास्त्र

ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून घडवलेली कायाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, जेमतेम ५० सेंटिमीटर रुंद असे आणि शिकारी ती एकटाच उचलून नेई. हे न्यून अमेरिकेतील मासेमारी-कायाकने दूर केले, ही समाधानाची बाब होय. कलंडण्याला होणारा विरोध साधारणतः रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीच्या कायाकवर मनुष्य निर्धास्त उभा राहून गळ टाकू शकतो. या रुंदीपायी ढाचा, म्हणजे होडीचे रिकामे अंग, ४५ किलोंपलीकडे गेलाच, तर त्याच्यासाठी चाकांचा गाडा आहे, मोटारीमागे ट्रेलर आहे, आणि रुंद होडी वल्ह्याला दाद देत नाही म्हणून पायडल व विजेची मोटरही आहे; शिवाय या सोयींचे वजन पेलण्यासाठी ढाचा आणखी रुंद करता येतोच. याच तर्काने पुढील संशोधनाचे उद्दिष्ट ठरते: मुळीच न कलंडणारा, सहकुटुंब उभे राहण्याजोगा आणि वाहून नेण्याची गरजच नसलेला ढाचा. तूर्त या सर्व निकषांना तळ्याचा काठ तेवढा उतरतो. मात्र त्याची किंमत अद्याप निश्चित न झाल्याने तो विक्रीस उपलब्ध नाही.