गवार निवडणारा नायक

हार्वर्ड विद्यापीठात श्लेसिंजर नावाचं एक ग्रंथालय आहे. अमेरिकेतल्या बायकांचा इतिहास तिथे पत्रं, टिपणं, रोजनिश्या अशा रूपात जपून ठेवलेला आहे. दूरचित्रवाणीवरून घरोघरच्या अमेरिकनांना फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्डचे कागद तिथे आहेत आणि कँडिडा रॉयाल या बाईंचेही आहेत. कँडिडाबाई म्हणजे १९७०च्या दशकात 'तसल्या' चित्रपटांत कामं करून, मग १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतःची 'फेम प्रॉडक्शन्स' ही कंपनी काढणाऱ्या निर्मात्या-दिग्दर्शक. हा शेजार मला फार आवडला. आच मंद ठेवा, घाई करू नका, मधूनमधून चव घ्या, आणि समोरच्याला आवडतंय का ते विचारा. दोघींनी आयुष्यभर शिकवलं ते एवढंच. एकीला त्याबद्दल मानसन्मान मिळाला आणि दुसरीला बराच काळ नुसत्या भुवया.

कँडिडाबाईंचं चरित्र जेन कामेन्स्की या इतिहासकार बाईंनी लिहिलंय, २०२४ साली आलं. ते वाचत असताना मी त्याला खाकी कव्हर घातलं होतं. आमच्या आत्याबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय वाचतेयस गं एवढं तल्लीन होऊन?" म्हटलं, "अमेरिकेचा इतिहास." यात खोटं काहीच नव्हतं. "बरं असतं," म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठे वेळ मिळायचा!" यावर मी काहीही बोलले नाही.

या सगळ्याची एक मुळी निघाली ती डोहाळजेवणातून. १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये व्हेरोनिका हार्ट या नटीचं डोहाळजेवण झालं. जमलेल्या बहुतेक जणी एकाच धंद्यातल्या. कॅमेऱ्यापुढे कपडे उतरवायला न लाजणाऱ्या या बायका तिथे पहिल्यांदा मनातलं बोलल्या. पैसे कसे बुडतात, घरी काय सांगितलंय, पुढे काय करायचं. मग त्या नेमाने भेटायला लागल्या. ॲनी स्प्रिंकल हिचं घर लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर ९० नंबरला, म्हणून मंडळाचं नाव 'क्लब ९०'. कँडिडा त्यातलीच एक. डोहाळजेवणातून आपल्याकडेही बऱ्याच गोष्टी निघतात, पण त्या बहुधा नणंदेविषयी असतात.

कँडिडाबाईंची तक्रार साधी होती. हे चित्रपट पुरुष काढतात, पुरुषांसाठी काढतात, आणि पुरुषाचं आटोपलं की चित्रपटही आटोपतो. बाईचं काय झालं, तिला काही झालं का, हे विचारायला पडद्यावर कुणी थांबत नाही. तोवर विचारण्याचं कारणही नव्हतं म्हणा. असले खेळ टाइम्स स्क्वेअरच्या आसपासच्या अंधाऱ्या थिएटरांत चालत, आणि तिथे कोटाची कॉलर वर करून एकेकटे पुरुष जात. मग व्हीसीआर आला आणि थिएटर दिवाणखान्यात आलं. दिवाणखान्यात बायको असते. कॅसेट दोघांनी मिळून बघायची, तर तिला जांभई येता कामा नये. एका यंत्रामुळे अचानक बाईच्या आवडीला बाजारभाव आला. ही गोष्ट हेरणाऱ्या मोजक्या माणसांत या बाई होत्या.

आपल्याकडेही साधारण त्याच सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणायची टूम निघाली होती. चाळीत वर्गणी काढून आणत. संध्याकाळी पौराणिक, मग अमिताभ, मग आणखी एक मारामारीचा. बायका-मुलं पेंगुळली की "तुम्ही झोपा आता, आम्ही जरा इंग्लिश बघतो," असं एक भारदस्त वाक्य येई. त्या रात्री ज्यांना एरवी 'थँक यू'ही धड म्हणता येत नसे, अशा काकांनाही इंग्रजीची गोडी लागे. बायकांना यातलं काही ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता. सकाळी चहा देताना बायका तो समज अबाधित ठेवत.

'फेम'च्या चित्रपटांत बदललं ते असं. माणसं आधी बोलतात. हसतात. नंतरही लगेच पाठ फिरवून घोरत नाहीत. कॅमेरा अवयवांची शिरगणती करत बसण्यापेक्षा चेहऱ्यावर जास्त रेंगाळतो. थोर कलाकृती म्हणून मी कुणाला त्यांची शिफारस करणार नाही. कथा यथातथाच, आणि ऐंशीच्या दशकातलं ते संगीत सोसायला प्रेमच हवं. पण लैंगिक समुपदेशकांनी ते उचलून धरले. कँडिडाबाई स्वतः अमेरिकेतल्या लैंगिक शिक्षक-समुपदेशकांच्या संघटनेच्या सभासद झाल्या, आणि वर्षानुवर्षं एका पलंगावर दोन बेटांसारखी राहणारी जोडपी आली, की समुपदेशक त्यांना या कॅसेटी सुचवू लागले.

सगळ्या स्त्रीवादी बायकांनी टाळ्या वाजवल्या असं मात्र नाही. पुष्कळजणींना हा सरळ दगा वाटला. १९८३ साली अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरिन मॅकिनन मिनिआपोलिस शहरासाठी असा कायदा लिहीत होत्या, की अशा चित्रांना बाईच्या नागरी हक्कांवरचा घाला मानावं. त्यांचा राग पोकळ नव्हता. या धंद्यात बायकांचं जे होतं ते पाहिलेल्या माणसाने रागवायचं नाही तर काय करायचं? पण मला स्वतःला कँडिडाबाईंचं पटतं. स्वयंपाकघरात धूर कोंडला म्हणून चूल फोडून टाकायची, की धुराडं बसवायचं, असा तो वाद होता, आणि त्या धुराडंवाल्या होत्या.

पुढे शिकवणीच निघाली. नीना हार्टली ही बर्कलीची बाई. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातून नर्सिंगची पदवी घेतली आणि काम मात्र या चित्रपटांत केलं. १९९४ पासून तिची प्रौढांसाठी मार्गदर्शनाची मालिका सुरू झाली. नर्सच ती. उघड्या अंगाची तिला लाजही नाही आणि अप्रूपही नाही. "कुठे दुखतंय?" हे नर्स ज्या सुरात विचारते, त्या सुरात "कुठे बरं वाटतंय?" विचारलं, की निम्मा अभ्यासक्रम झाला.

आणि इथे गोष्ट आपल्या दारात येते. नीनाबाईंची मालिका काढणारी कंपनी होती नॉर्थ कॅरोलायनातली 'ॲडम अँड ईव्ह'. तिचा मालक फिल हार्वी. हा हार्वर्डचा पदवीधर १९६०च्या दशकात 'केअर' संस्थेतर्फे भारतात आला आणि शाळेतल्या मुलांच्या खाऊपिऊच्या कामावर पाच वर्षं राहिला. जेवण वाढवावं तर मुलं त्याहून वेगाने वाढत. तेव्हा त्याच्या मनाने घेतलं, की वाढपी होण्यापेक्षा कुटुंबनियोजन बरं. परत जाऊन त्याने त्याचंच शिक्षण घेतलं, एका मित्रासोबत टपालाने कंडोम विकायला सुरुवात केली, आणि त्या धंद्यातूनच ही कंपनी उभी राहिली. १९८६ साली तिच्यावर सरकारी धाड पडली, १९८७ साली ज्यूरीने निर्दोष सोडलं. आपण विकतो ते चित्रपट तो लैंगिक समुपदेशकांकडून तपासून घेई. जबरदस्ती दिसली की चित्रपट बाद. नफ्यातला मोठा वाटा गरीब देशांतल्या कुटुंबनियोजनाकडे जाई. त्यासाठी त्याने १९८९ मध्ये जी संस्था काढली, तिचं नाव 'डीकेटी'. हे डी. के. टी. म्हणजे दीप त्यागी. भारत सरकारच्या कुटुंबनियोजन खात्यातले अधिकारी. लाल त्रिकोणवाले!

तो त्रिकोण आठवतो ना? एसटीच्या पाठीवर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, आगपेटीवर. सोबत आई-बाप-दोन मुलं यांचे चार गोल हसरे चेहरे. आम्ही शाळेत जाता-येता तो बघत असू, आणि त्याचा अर्थ कुणी मोठ्या माणसाने सांगितल्याचं मला आठवत नाही. १९६८ साली सरकारने 'निरोध' आणला, पंधरा पैशांत तीन. चहा, साबण, विजेऱ्यांचे सेल विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचवला. म्हणजे सरकारने वस्तू दिली, चित्र दिलं, आकडा दिला. नवरा-बायकोने मधलं काय बोलायचं, तेवढं राहून गेलं. आकडा सांगायला कुणी लाजत नव्हतं. लाज होती ती आनंदाची. त्यागींच्या नावाची पाटी लावणारा माणूस एका हाताने आपल्याकडे कंडोम पोचवत होता, आणि दुसऱ्या हाताने अमेरिकन जोडप्यांना ते मधलं बोलणं शिकवणाऱ्या कॅसेटी विकत होता. यातली निम्मीच गोष्ट आपल्यापर्यंत आली.

बोलणारं आपल्याकडे कुणी नव्हतंच असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालवलं. वाचक प्रश्न विचारत आणि रघुनाथराव कोरड्या, किंचित वैतागलेल्या मास्तरी भाषेत उत्तरं देत. त्या उत्तरांवरून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले. रघुनाथरावांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. बाईलाही सुखाचा हक्क आहे, हे त्यांनी मराठीत छापलं तेव्हा कँडिडाबाई जन्मायच्या होत्या. त्यानंतर आपण काय केलं, तर 'आवाज'च्या दिवाळी अंकातल्या खिडक्या उघडल्या. आधी छिद्रातून भलतंच काहीतरी दिसायचं, आणि पान उलटलं की निघायचा भोपळा. घरातली वडील मंडळी ती खिडकी उघडून खदखदून हसत, अंक उशीखाली ठेवत, आणि नवरा-बायको एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. चावटपणा आपल्याला वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती चौकशी.

म्हणून मुंबईत पारोमिता वोहरा यांनी २०१५ साली सुरू केलेल्या 'एजंट्स ऑफ इश्क'ची मला मौज वाटते. त्यांनी संमतीवर चक्क लावणी केली. मेघा आणि शक्कू नावाच्या दोघीजणी ठसक्यात हो, नाही, आणि त्या दोहोंच्या मधल्या सगळ्या छटा सांगतात. हे लावणीलाच जमावं. बाईने आपल्याला काय हवं ते भर मांडवात गाऊन सांगायची आपल्याकडची हीच तर एक जुनी, वाजतीगाजती जागा. फक्त ऐकायला बसलेले पुरुष ते घरच्या बाईला विचारायचं विसरून घरी जात.

आता समजा, असा एखादा चित्रपट मराठीत काढायचा. खास जोडप्यांसाठी, बाईने काढलेला. मी मनातल्या मनात पटकथा लिहून पाहिली. पहिली वीस मिनिटं खोली मिळवण्यातच जातील. दाराची कडी लागत नाही. ती लावायला दार उचलून धरावं लागतं आणि त्याचा आवाज थेट हॉलमध्ये जातो. पंख्याची खरखर चालू ठेवावी, तर पार्श्वसंगीताचा खर्च वाचतो. मग नायक जवळ सरकतो. नायिका म्हणते, "विरजण लावलं का हो?" इथे पुरुष दिग्दर्शक असता तर त्याने 'कट' म्हटलं असतं. आमची दिग्दर्शिका म्हणत नाही. कॅमेरा नायकाच्या चेहऱ्यावर राहतो. नायक उठतो, ओट्यापाशी जातो, विरजण लावतो. येताना त्याला उद्याच्या डब्याची गवार दिसते. ही निवडायची राहिलीय म्हणून तिचा जीव तिकडे अडकलाय, हे त्याच्या हळूहळू ध्यानात येतं. (हा प्रसंग काल्पनिक आहे, हे पाटीवर लिहावं लागेल.) तो ताट घेऊन पलंगावर येऊन बसतो. दोघं शिरा काढत बसतात. शिरा काढता काढता ती बोलायला लागते. आधी आईच्या गुडघ्याबद्दल, मग ऑफिसातल्या त्या बाईबद्दल, आणि मग, खाली बघतच, असं काहीतरी, जे तिने लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला सांगितलेलं नसतं. तो पहिल्यांदा "हं" न म्हणता "म्हणजे कसं?" असं विचारतो.

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "चित्रपट ठीक आहे, पण यात 'तसलं' काय आहे?"

मी म्हटलं, तेच तर. सेन्सॉरला कापायला गवारीखेरीज काही ठेवलंच नाहीये.