केळ्यानं सर्दी होते का हो?

रात्री दोन वाजता वसई-विरारच्या आयांच्या ग्रुपवर प्रश्न येतो: "डिअर मॉम्स, पिल्लू आज सहा महिन्यांचं झालं. केळं दिलं तर चालेल का?" पहाटेच्या विरार लोकल भरू लागतात तोवर उत्तरांचा खच. "चुकूनही नको, सर्दी होते." "द्या, पण सूर्यास्तानंतर नको." "आमच्याला पोट साफ झालं." "आमच्याला चार दिवस शी झालीच नाही." "फॉलोइंग." या 'फॉलोइंग'वाल्यांची मला काळजी वाटते. त्यांची बाळं तोंड उघडून निकालाची वाट बघत बसली असणार.

बरं, विचारतंय कोण? वसई! राजेळी उन्हात वाळवून सुकेळी करणारी, बसराई, मुठेळी, वेलची ही नावं शाळेआधी शिकणारी वसई. रत्नागिरीकरानं हापूस पचेल का म्हणून सल्लागार नेमावा, तसलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी शास्त्रार्थ सुरू. वेलची की बसराई? टोकाचा भाग काढायचा की ठेवायचा? काट्यानं कुस्करायचं की चमच्यानं? चमचा चांदीचा, तर सोनाराकडचा की आजोळचा? ढगाळ हवा असेल तर केळं थंड धरायचं का? नालासोपाऱ्यात जुलैत गुडघाभर पाणी साचतं तेव्हा सूर्यास्त नेमका कधी मानायचा? सर्दी विषाणूनं होते, केळ्यानं नव्हे, असं एकीनं लिहिलं. तिला लगेच उत्तर आलं, "प्रत्येक बाळ वेगळं असतं, ताई." तेवढ्यात पावडरवाली उगवली: परराज्यातल्या कच्च्या केळ्याची, केमिकल-फ्री, 'डीएम करा'. वसईच्या आईनं वसईत बसून दुसऱ्या राज्यातलं केळं कुरिअरनं मागवायचं, तेही दळून! इथल्या वाड्या तोडून टॉवर उभे राहिले, उरलेल्या वाड्यांतल्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसल्या, आणि त्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर टँकरच्याच पाण्यात ही पावडर शिजतेय. हॉलमध्ये सासूबाई बसल्यात. राजेळीच्या पिठाची पेज पाजून त्यांनी चार पोरं वाढवली. पण त्यांना विचारायचं नाही, कारण 'बाउंड्रीज ठेवा' हाही ग्रुपचाच सल्ला. (सासूबाईंना प्रश्न कळला तो अर्नाळ्याच्या नणंदेनं फॉरवर्ड केला म्हणून.)

हसायला ठीक आहे. पण याच धाग्यात एकीनं लिहिलंय, "केळ्यात थोडा मध घाला, कफ सुटतो." त्यावर बदामांची रांग लागली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते, जिवावर बेतू शकतं. केळ्यावर दोन दिवस भांडणाऱ्यांपैकी एकीलाही या मधावर सर्दी झाली नाही. आणि विचारणाऱ्या पोरीला मी काय बोलणार? नवरा लोकलला लोंबकळून परततो तेव्हा बाळ झोपलेलं असतं, माहेर घाटावर, डॉक्टरकडे दोन तास ताटकळून दोन मिनिटं मिळतात. रात्री दोनला जाग असणारी माणसं तिला त्या मोबाइलातच सापडतात. संताप येतो तो तिची ती वेळ हेरून दुकान मांडणाऱ्यांचा.

एका नर्सताईनं मधाबद्दल खडसावून लिहिलं होतं. अॅडमिननं ते 'निगेटिव्हिटी' म्हणून उडवलं. पावडरची जाहिरात मात्र वर पिन केलेली आहे. ऑफर रविवारपर्यंत, दोन डब्यांवर मधाची बाटली फुकट.