चि. क्लीन गोदावरी बॉण्ड यास

चिरंजीव,

नाशिकच्या पंचवटीतल्या एका घरपट्टीदाराचे अनेक आशीर्वाद.

गोदावरीच्या स्वच्छतेसाठी आमच्या महापालिकेने काढलेला रोखा तू. 2 डिसेंबर 2025 रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात तुझ्या नावाने घंटा वाजली आणि 200 कोटी जमले. रामकुंडावर आमच्या कैक पिढ्या घंटा बडवत आल्या. गोदामाईच्या खात्यात दमडी पडली नाही.

तुझे श्रेय घ्यायला पुढे पुष्कळजण आहेत, म्हणून कुळकथा सांगून ठेवतो. 2012 साली गोदेचे गटार झाल्याची तक्रार उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना कामाला लावले, पालिकेला आदेशामागून आदेश दिले. पुढे 2019 मध्ये हरित लवादाने बजावले की प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, 10 च्या आत हवा. आमची मलजल केंद्रे 30 च्या हिशेबाने बांधलेली. म्हणजे यंत्रे चालू, वीजबिल चालू, पाणी मात्र नापास! ते पास करायला पैसा हवा आणि पैसेवाल्यापुढे उभे राहायचे तर बाजार नियामक सेबीचे 2015 चे नियम: तपासलेले हिशेब, पतमानांकन, परतफेडीची रक्कम आधीच बाजूला. जे पुण्याच्या लोभाने झाले नाही, ते दट्ट्याने झाले. तुझा खरा बाप तो दट्ट्या. बारशाला त्याला कुणी बोलावले नाही, एवढेच.

एक शंका. तुझी परतफेड पालिकेच्या उत्पन्नातून, म्हणजे आमच्याच खिशातून. गोदेला मिळणारी नासर्डी काळी वाहिली तरी गुंतवणूकदाराचे व्याज पांढरेशुभ्र, वेळेवर. बीओडी 10 च्या वर गेला की व्याजाला कात्री, अशी अट तुझ्या पुढच्या भावंडाला तरी घालता येईल का? पण मग अर्ज किती येतील, देव जाणे.

आणि हो, 'हरित' म्हणवणाऱ्या रोख्यांनी नुसता हिरवा मुलामा देऊ नये, अशी ताकीद सेबीने 2023 मध्येच दिली आहे. तुझ्या नावात तर नुसते 'क्लीन'! तिकडे तुझी घंटा वाजत होती, तेव्हा इकडे तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे तोडायची म्हणून नाशिककर रस्त्यावर उतरले होते. कुंभ तोच, पालिका तीच.

तुझा भाव बाजारात कळतो. तसा आगरटाकळीच्या मलजल केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी रोज सकाळी रामकुंडावर फळ्यावर लिहायला लाव. खडूचा खर्च मी देईन.

तुझा,
एक थकबाकी नसलेला करदाता