पाचशेची नोट आणि चार माणसं

अगं, थांब जरा, कपडे मग वाळत घाल. इकडे भिंतीपाशी ये, मोठ्यानं बोलायची सोय नाही. काल रात्री आमच्या विंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे मॉलमधून आले ना, ते जिन्यातूनच भांडत. तो म्हणत होता, तिकिटं तर ऑफरमध्ये काढली होती, मग एवढे पैसे गेले कुठे? आणि ती म्हणत होती, तूच ना दोघांना वेगवेगळं पॉपकॉर्न घेऊन दिलंस! मी काही मुद्दाम ऐकत नव्हते. दुधाची पिशवी दाराला लावायला आले होते, आता पिशवी लावायला वेळ लागतो कधी कधी.

हसतेस काय? त्यांचं तरी बरं, दोन पगार आहेत. तुझं मला ठाऊक आहे. तुमची बिल्डिंग पाडून ठेवली, बिल्डरकडून येणारं भाडं फेब्रुवारीपासून बंद, आणि इथल्या मालकाला मात्र पाच तारखेला पैसे हातावर ठेवावे लागतात. गावची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून पोरं घरात. त्यात जून तोंडावर: फी, वह्या, रेनकोट. अशा वेळी धाकटा रोज विचारतो, आई, आपण कुठे जाणार? ऐकू येतं मला इथपर्यंत.

आता माझं ऐक. तिकिटात माणूस बुडत नाही, बुडतो तो फाटकाच्या आत गेल्यावर. रिक्षा, थंड बाटली, फुगा, तो दिव्यांचा चेंडू, आणि परतताना ‘आता घरी जाऊन कोण करणार’ म्हणून हॉटेल. सिनेमाचंच घे. सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या जानेवारीत सांगूनच टाकलं की थिएटरवाल्याला बाहेरचं खाणं अडवता येतं. प्यायचं पाणी त्यानं फुकट द्यायचं आणि तान्ह्या मुलाचं खाणं नेऊ द्यायचं, एवढी सवलत. तुझी दोघं काही तान्ही नाहीत. म्हणजे पॉपकॉर्नचा दर तो ठरवणार आणि आपण अंधारात हात घालून मुकाट्यानं खाणार. आमचे हे तर म्हणतात, पिक्चर फुकट दाखवा आणि पॉपकॉर्नचं तिकीट लावा, सरळ हिशोब होईल.

म्हणून म्हणते, भायखळ्याला राणीच्या बागेत जा. नाक मुरडू नकोस, ‘लहानपणी पाहिलीय’ म्हणून. तू पाहिलीस ती वेगळी. २०१७ ला दर वाढवले तेव्हा केवढी ओरड झाली होती. पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं, म्हणून मीसुद्धा बडबडले होते. पण त्यातच फॅमिली तिकीट आलं. आईबाप आणि दोन मुलं, मिळून १०० रुपये. तुम्ही बरोबर चार. मला नेलंस तर माझे पन्नास वेगळे, ते मी देईन, पण मला पेंग्विनपाशी बसू दे. ते आले २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून, आठ जण. त्यातला एक त्याच वर्षी गेला, मग पेपरात रोज तेच. वर्षभरात लोकांना आपल्या नगरसेवकाचं नाव माहीत नव्हतं, पण पेंग्विनांची नावं पाठ होती: डोनाल्ड, डेझी, पोपाय, ऑलिव्ह. आपण इथे पंख्याखाली घामाघूम आणि त्यांना सोळा-अठरा अंशांत ठेवतात. मे महिन्यात नुसतं त्यांच्याकडे बघूनच बरं वाटतं बाई.

आणि तिथल्या म्युझियमपाशी तो दगडी हत्ती आहे ना, तो पोरांना नक्की दाखव. सगळे त्याच्याजवळ फोटो काढतात आणि निघून जातात. अगं, घारापुरीला ज्याच्यावरून इंग्रजीत एलिफंटा म्हणतात, तोच हा हत्ती! इंग्रजांना तो उचलून विलायतेला न्यायचा होता. १८६४ मध्ये क्रेननं उचलायला गेले आणि क्रेनच मोडली, हत्तीचे तुकडे झाले. मग ते तुकडे इथे आणले आणि १९१४ च्या सुमाराला जोडून उभा केला. ही गोष्ट सांगितलीस की धाकटा दहा मिनिटं सांधे शोधत बसेल. दहा मिनिटं फुकट, आणि तेवढा वेळ आइस्क्रीमच्या गाडीची आठवण नाही.

जेवणाचं मात्र माझं ऐकायचं. पोळीभाजी पोटभर खायला घालूनच फाटकातून आत न्यायचं. भुकेलं पोर बागेत नेणं म्हणजे खिसा उघडा टाकून गर्दीत शिरणं.

बसचा पास? नको. आमचे हे बेस्टमध्ये होते, त्यांच्यासमोर बोलत नाही, पण तुझ्यापुरतं सांगते. २०१९ मध्ये कमीत कमी भाडं पाच रुपये केलं होतं तेव्हा मजा होती, बसमध्ये बसून उगाच गावभर फिरावं. २०२५ च्या मे महिन्यात साध्या बसचे दहा झाले, एसीचे बारा, आणि दिवसभराचा पास साठचा पंचाहत्तर. चौघांचे झाले तीनशे. दिवसभर चढ-उतार करणार असशील तर ठीक, नाहीतर मुलुंड ते भायखळा आपली लोकल. पाचच्या आतल्याला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. आणि धाकट्याला पाचच्या आतला सांगायला जाऊ नकोस. टीसीनं विचारलं की तोच छाती पुढे काढून सांगेल, ‘मी सात वर्षांचा आहे!’ आमच्या मुलानं केलंय हे.

काय म्हणालीस? एकाच दिवसानं काय होणार, सुट्टी लांबलचक आहे? मग अंधेरीला जा. जुहूला नाही गं, जुहूला भेळेपासून घोड्यापर्यंत सगळे तुझ्या पर्सकडे बघत असतात. गिल्बर्ट हिलला. बघ, मुंबईत जन्म गेला आणि नाव ऐकलं नाहीस! अंधेरी पश्चिमेला, बिल्डिंगींच्या मधोमध उभा काळा खडक आहे, दोनशे फूट उंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून झालेला. डायनासोर संपले तो काळ. तुझ्या मोठीला डायनासोर आवडतात ना? तिला सांग, पुस्तकातलं चित्र नाही, पाय ठेवून उभी राहा त्याच्यावर. दगडात पायऱ्या आहेत, वर गावदेवीचं मंदिर, तिथून अंधेरी सगळी पायाखाली. अमेरिकेत असाच एक खडक आहे, डेव्हिल्स टॉवर, तिथे लोक पैसे भरून जातात. आपल्याकडे शेजारच्या बिल्डिंगवाले त्याच्यावर चादरी वाळत घालत नाहीत हेच नशीब. दुपारी मात्र जाऊ नका, खडक तापतो. संध्याकाळी पाचनंतर चढा, अंधार पडायच्या आत उतरा.

जाताना घाटकोपरहून मेट्रो घ्या. पोरांना तोच अर्धा खेळ. २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हा मी खास बसायला गेले होते, जायचं कुठेच नव्हतं. त्याआधी घाटकोपरहून अंधेरीला बसनं गेलेली मी बाई, साकीनाक्याला जीव जायचा. आता वर्सोव्यापर्यंतच वीस-बावीस मिनिटांत सोडते. हायवेवरून तारांच्या पुलावरून जाते, मग अंधेरीला खाली पश्चिम रेल्वेची लोकल आणि वर आपण. धाकट्याला खिडकीशी उभं कर. मेट्रो तशी लोकलपेक्षा महाग, म्हणून जाताना मेट्रो आणि येताना अंधेरी ते दादर लोकल, तिथून आपली सेंट्रल. दोन्ही वेळा मेट्रो घेतलीस की उगाच जास्त पैसे जातात, आणि परतताना पोरं झोपलेलीच असतात, त्यांना काय मेट्रो आणि काय लोकल.

बोरिवलीचं आत्ता काढू नकोस. तुझी नणंद बोलावतेय ते माहीत आहे, पण कान्हेरी मे महिन्यात नको. पाऊस लागू दे. शंभरावर लेणी आहेत, डोंगरभर पाण्याची टाकी खोदून ठेवलीयत, पावसात त्या दगडांवरून पाणी पळायला लागलं की कळतं त्या भिक्षूंनी काय डोकं लावलं होतं. लेण्यांचं तिकीट मोठ्यांना पंचवीस, पंधराच्या आतल्यांना माफ. पण बोरिवलीच्या उद्यानाचं तिकीट वेगळं, आणि फाटकापासून लेणी लांब आहेत, तेव्हा आतल्या बसचे पैसेही धरून ठेव. सोमवारी बंद. आणि वनराणीचं नाव पोरांसमोर काढूच नकोस. २०२१ च्या तौक्ते वादळात त्या झुकझुकगाडीच्या रुळांची वाट लागली होती. चालू आहे का ते नणंदेला विचार आणि मगच पोरांना सांग, नाहीतर फाटकापासून रडारड. नणंदेकडे जेवायला जाताय म्हणजे एक जेवण वाचलं, तेवढी तिची किंमत आहेच. नको बाई, तिला सांगशील.

गोराईचा पॅगोडा? तोही चांगला. आत जायला पैसे नाहीत, फक्त होडीचे. एवढा मोठा घुमट आणि आत एक खांब नाही, हजारो माणसं मावतात. पण तिथे शांत बसावं लागतं. तुझा धाकटा शांत बसतो? मग राहू दे.

आणि रोज काय बाहेर जायचं! आमच्या सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप लावलंय ते माहीत आहे ना? टाक्या आहेत, मुलं पडतील, म्हणे. खरं कारण वेगळंच आहे, त्यांच्या सुनेनं तिथे कुरडया वाळत घातल्यात. मी जाऊन सांगितलं, किल्ली द्या, संध्याकाळी सात ते नऊ, जबाबदारी माझी. कुरडयांचंही बघते म्हटलं. तुम्ही शेजारच्या सोसायटीतले, पण मी बोलावलं म्हणजे कोण काय बोलणार? चटई आणा, एक कलिंगड आणा, आमच्याकडे जुना व्यापार आहे. नोटा फाटल्यात पण खेळता येतो. पत्त्यांत झब्बू तर तुझ्या नवऱ्याला येतोच. परवा खिडकीतून पाहिलं, मोबाईलवर एकटाच खेळत होता.

बालनाट्याचंही बघून ठेव, सुट्टीत कालिदास नाट्यगृहाला लागतात. मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’, ज्यात वैभव मांगले चेटकीण व्हायचा, ते लागलं तर सोडू नकोस. पुढची तिकिटं घेऊ नकोस मात्र. चेटकीण ओरडली की बाल्कनीतही पोरं कानावर हात ठेवतात, उगाच पुढच्या रांगेचे पैसे का द्यायचे?

एक गोष्ट सांगू? रागावू नकोस. पोरांपासून लपवू नकोस. तू परवा मोठीला म्हणालीस ना, ‘पप्पांना सुट्टी नाहीये’, ते तिला पटलेलं नाही. अकरा वर्षांची आहे, भाड्यावरून तुमचं काय चालतं ते तिला सगळं कळतं. तिला सांग सरळ, यंदा पैसे कमी आहेत, पाचशेत एक दिवस काढायचा आहे, तूच खजिनदार. नोट तिच्या हातात दे. आमच्या नातीला असं केलं होतं. मग काय विचारतेस! आजोबांनी चहा मागितला तर म्हणाली, घरी जाऊन प्या. फुगेवाला आला तर तिनंच धाकट्या भावाचा हात ओढून नेलं. आणि उरलेल्या पैशात स्टेशनवर सगळ्यांना एकेक वडापाव, तिच्या हातानं. जावई म्हणाला, ऑफिसमध्ये हिलाच अकाउंट्सला बसवा.

आणि ते व्हॉट्सॲपचं स्टेटस बघायचं आधी बंद कर. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी काल मॉलमधला केवढा गोड फोटो टाकलाय, चौघं दात काढून. जिन्यातलं भांडण त्यात कुठे दिसतं? ते मी ऐकलंय, म्हणून तुला सांगते.

बरं, जा आता, तुझा कुकर तिसऱ्यांदा ओरडतोय. मंगळवारी जा नाहीतर गुरुवारी जा. बुधवारी मात्र निघू नका, बुधवारी राणीची बाग बंद असते.