खिशातली कोंबडी

झंजीर हा मुंबई पोलिसांचा लॅब्राडॉर शिकला पुण्यात, आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. हे वाचलं आणि मला वाटलं, आपल्या मोतीने निदान माझी गाडीची किल्ली शोधावी.

सुरुवात लवंगेपासून केली. काडेपेटीत लवंग, काडेपेटी सोफ्याखाली; मोतीने हुंगून खाली बसायचं आणि बसल्याक्षणी मी खाऊ द्यायचा. शिऱ्यासाठी काढलेले बेदाणे मुठीत घेऊन मी सज्ज झालो, तर लेक किंचाळली, "बाबा, कुत्र्याची मूत्रपिंडं जातात त्याने!" बेदाणे ठेवून चॉकलेट काढलं, तेही विष, मग भज्यांमधला कांदा, झायलिटॉल घातलेलं माझं बिनसाखरेचं च्युइंगगम आणि कालच्या रश्श्यातलं, चावलं की सुईसारखं फुटणारं शिजलेलं हाड, असं एकेक करत माझ्या हातातलं सगळं जप्त झालं. मला खाताना मात्र आजवर कुणी अडवलं नव्हतं.

शेवटी बिनमिठाची उकडलेली कोंबडी मंजूर झाली, वाटाण्याएवढे तुकडे करून. ते मी पँटच्या खिशात ठेवले. आता बक्षीस द्यायचं तिथल्या तिथे, काडेपेटीपाशी. पण वाकलं की माझी कंबर धरते, म्हणून मी सोफ्यावरूनच खिसा चाचपणार, तुकडा सापडणार, त्याला चिकटलेला बसच्या तिकिटाचा कपटा सोडवणार, तोवर मोती बसून, उठून, गॅलरीत एक चक्कर मारून आलेला. पंधरा दिवसांत तो पक्का तयार झाला. लवंग कुठेही ठेवा, तो माझ्या खिशापुढे येऊन बसतो.

मधे चेंडूही करून पाहिला, कारण पुष्कळ पोलिसी कुत्री म्हणे खाऊपेक्षा चेंडूवर जीव टाकतात. फेकायचा मी. आणायचाही मीच.

परवा ऐन ऑफिसच्या वेळेला किल्ली हरवली. वाकड पुलावरची गाड्यांची रांग डोळ्यांपुढे दिसत होती, आणि मोती जाऊन बसला धुण्याच्या टोपलीपुढे! पँट उपसली, खिशात किल्ली. मी झंजीरचं नाव घेणार, तोच त्याने किल्लीला चिकटलेला तुकडा अलगद ओढला आणि निघून गेला.

तेव्हापासून किल्ली, पाकीट, चष्म्याचं घर, सगळं मी कोंबडीचा तुकडा चोळूनच ठेवतो. काही हरवत नाही. लिफ्टमध्ये लोक जरा लांब उभे राहतात, एवढंच.