श्रीमंत विंडोज अकरावे यांना हौशी रेडिओवाल्याचे अनावृत पत्र

श्रीमंत विंडोज अकरावे यांच्या सेवेशी,

ऑक्टोबर २०२१मध्ये आपण गादीवर आलात, पण हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींकडून मुजरा व्हायला अंमळ उशीर झाला. दहावे हेच या घराण्यातले शेवटचे, असे २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीरपणे सांगितले होते आणि भोळ्या रयतेने ते खरे मानले. ज्या घराण्यात आठव्यांमागून थेट दहावे येतात, तिथल्या आकड्यांवर किती विसंबावे याचा विचार खरे तर तेव्हाच व्हायला हवा होता. असो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दहाव्यांची राजवट कागदोपत्री संपली. तेव्हा गावोगावच्या हॅमना आपापला लॉग घेऊन आपल्या राज्यात येणे भाग आहे. त्या लॉगच्या वतीने हा अर्ज.

लॉग म्हणजे काय, हे दरबारी कुणी सांगितले नसेल. प्रत्येक संपर्काची एक ओळ असते: समोरच्याचा कॉलसाइन, तारीख, यूटीसी वेळ, बँड, मोड, सिग्नलचा रिपोर्ट. एवढीशी ओळ, पण तिचे आयुष्य लांब. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या डीएक्ससीसी या मानाच्या पुरस्कारासाठी १५ नोव्हेंबर १९४५पासूनचे संपर्क आजही धरले जातात. पोर्तुगीज अमलातला गोवा त्या पुरस्कारासाठीच्या प्रदेशांच्या यादीत एके काळी स्वतंत्र नोंद होता. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि ती नोंद रद्द यादीत गेली. पण ज्याने त्याआधी गोव्याशी संपर्क साधून तो समोरच्याने पाठवलेल्या पोचकार्डाने पक्का करून घेतला, त्याच्या खात्यातून ती ओळ कुणी काढून घेतलेली नाही. तो संपर्क आता जगात कुणालाच पुन्हा करता येणार नाही. शिवाय या छंदाचे पंचांग सूर्यावरच्या डागांवर चालते आणि त्यांचे एक आवर्तन सुमारे ११ वर्षांचे असते. दहा मीटरचा बँड या वेळी कसा उघडला आणि मागच्या वेळी कसा, हे पडताळायला किमान दोन आवर्तनांचा लॉग हाताशी लागतो. दहाव्यांची कारकीर्द जुलै २०१५ ते ऑक्टोबर २०२५, म्हणजे घराण्यातल्या दीर्घ राजवटींपैकी एक. तरी ती एका आवर्तनाला पुरली नाही. माझे सगळे म्हणणे याच विषमतेतून निघते: नोंद दीर्घायुषी आणि तिला सांभाळणारे राज्य अल्पायुषी असेल, तर राज्य बदलताना नोंदीला धक्का लागू न देण्याची जबाबदारी राज्याची आहे.

आता आपली बाजू. जुने काहीच चालत नाही, असा आरोप मी करणार नाही. तो खोटा ठरेल. ३२ बिटांचे जुने लॉगिंग प्रोग्राम आपल्याकडे बहुधा निमूटपणे चालतात. १६ बिटांचे चालत नाहीत, कारण आपण केवळ ६४ बिटांतच अवतरलात. सीटी, एनए, टीआर हे डॉसच्या काळातले कॉन्टेस्ट लॉगर प्रिंटरच्या पोर्टवर थेट हुकूम चालवून मोर्स पाठवत. असा थेट हुकूम कुठल्याही प्रोग्रामला देऊ नये, हा विंडोज एनटी घराण्याचा जुना दंडक आहे आणि तो रास्त आहे, कारण जी वाट लॉगरला मोकळी तीच व्हायरसलाही मोकळी. हॅमनीही त्यावर रडत न बसता तोड काढली. मोर्सचे टिंब-रेषांचे माप संगणकाकडून काढून विनकीअरसारख्या छोट्या वेगळ्या यंत्राकडे दिले आणि काम उलट नेटके झाले. बदलाचे कारण स्पष्ट होते, दार उघडपणे बंद झाले होते, म्हणून दुसरे दार शोधता आले.

म्हणजे तक्रार बंद दाराबद्दल नाही. ती आपल्या सौजन्याबद्दल आहे. जुना लॉगर आपली नोंद स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला जातो. तिथे लिहायला सामान्य प्रजेला मनाई आहे. ‘मनाई आहे’ असे सांगणे असभ्य, म्हणून २००७च्या व्हिस्टापासून घराण्याने एक शालीन रीत पाडली: लिहू द्यायचे, हसून मान डोलवायची आणि फाइल मात्र गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात, तोही सहसा न दिसणाऱ्या ॲपडेटाच्या पोटात, नेऊन ठेवायची. प्रोग्रामला वाटते लिहिले, हॅमला वाटते लिहिले. पुढे तोच प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला, की तो खऱ्या फोल्डरातली फाइल वाचतो आणि दुसराच, जुना लॉग समोर येतो. संगणक बदलताना शहाणा माणूस प्रोग्रामचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो. त्यात व्हिस्टानंतरचा एकही संपर्क नसू शकतो. विशेष म्हणजे ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवले आहे. तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात, हे आमच्याकडच्या सरकारी कचेऱ्यांनाही शिकण्यासारखे आहे.

नव्या प्रोग्रामांनी यातून धडा घेतला आणि लॉग डॉक्युमेंट्स फोल्डरात ठेवायला सुरुवात केली. एन-वन-एमएम लॉगर प्लस हा कॉन्टेस्टवाल्यांचा लाडका प्रोग्राम आपला डेटाबेस तिथेच ठेवतो. मग वनड्राइव्हच्या हातून डॉक्युमेंट्स फोल्डरच ढगात नेण्याची योजना आली. कॉन्टेस्टमध्ये क्षणाक्षणाला लिहिली जाणारी डेटाबेस फाइल त्याच वेळी दुसऱ्या कुणी उचलून नक्कल करू लागले, तर ती अडकण्याची भीती असते. म्हणजे आधी आपणच दाखवलेल्या जागी प्रजा राहायला गेली आणि मग त्या जागेचाच पत्ता बदलला.

दरबारातून यावर तीन उत्तरे येतील. पहिले: दोष प्रोग्राम लिहिणाऱ्याचा, त्याने नियम पाळायला हवे होते. मान्य, पण हे प्रोग्राम बहुतांशी फावल्या वेळात, कित्येकदा फुकट लिहिलेले आहेत आणि त्यांचे काही कर्ते ‘सायलेंट की’ झाले, म्हणजे हयात नाहीत. ज्याला नोटीस पोहोचू शकत नाही, त्याच्या चुकीची शिक्षा लॉगला का? दुसरे: मग जुनाच संगणक इंटरनेटपासून तोडून चालवा. पण आजचे केंद्र तसे चालत नाही. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीवर संपर्क पक्का करायला इंटरनेट लागते. एफटी८ या डिजिटल मोडचे १५ सेकंदांचे फेरे पकडायला घड्याळ सेकंदभराच्या आत बरोबर असावे लागते आणि तेही बहुतेक जण इंटरनेटवरूनच जुळवतात. तिसरे उत्तर सगळ्यांत वजनदार आहे: १९९६पासून एडीआयएफ हा साध्या मजकुराचा सामाईक साचा आहे, त्यात लॉग काढून ठेवा आणि प्रोग्राम खुशाल बुडू द्या. हा सल्ला सोन्यासारखा आहे आणि प्रत्येक हॅमने तो पाळावा. पण एडीआयएफमध्ये तेच उतरते, जे प्रोग्रामला दिसते. प्रोग्राम चुकीच्या फोल्डरातली फाइल वाचत असेल, तर चुकीचाच लॉग सुबकपणे बाहेर येईल. शिवाय प्रोग्रामची सेटिंग त्यात येत नाही. यूटीसीचा हाताने भरलेला फरक मागे राहिला, तर भारतातला हॅम पुढचे संपर्क साडेपाच तासांच्या चुकीने नोंदवत बसेल, आणि लॉगबुक ऑफ द वर्ल्ड दोन्ही बाजूंच्या वेळेत जास्तीत जास्त ३० मिनिटांचा फरक चालवून घेते. चूक होत असल्याचा इशारा कुठेही येणार नाही. फक्त संपर्क पक्के होणे थांबेल.

तेव्हा मागणे लहान आहे. जुने प्रोग्राम अमर करा, असे कुणी म्हणत नाही. सुरक्षेसाठी जे बंद करायचे ते ठणकावून बंद करा; ज्याला मोर्स पाठवायचे तो वाट काढतो, हे सिद्ध झाले आहे. मात्र प्रोग्रामने एका जागी लिहिलेली फाइल आपण दुसरीकडे ठेवत असाल, तर त्याच क्षणी आणि राज्यबदलाच्या वेळी पुन्हा एकदा, साध्या भाषेत तिचा पत्ता पडद्यावर दाखवा. नव्या रंगसंगतीच्या आणि नव्या सहायकाच्या घोषणा देताना पडद्यावर जागा कमी पडत नाही, तशी यालाही पडणार नाही. नकार द्यायचा तर तोंडावर द्या आणि नोंद हलवलीत तर कळवा. त्यानंतर प्रोग्राम चालतो की नाही, ते आमचे आम्ही पाहून घेऊ.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक (सध्या तरी),
एक परवानाधारक हॅम